लॅमिंग्टन रोडचा लॉर्ड निर्वंश कसा झाला? ब्रिटिश किताबांचा वारसा शोधायला शिकताना

लॅमिंग्टन रोडवर जाऊन केबली, सर्किटं आणि सोल्डरिंगचं सामान घेणाऱ्यांना लॅमिंग्टन हे एका माणसाचं नाव होतं, हे सहसा ठाऊक नसतं. रस्त्याचं नाव कधीचंच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं, तरी टॅक्सीवाल्याला जुनंच सांगावं लागतं. हा लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता, घराण्यातला दुसरा बॅरन. मार्च १९४० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा हा म्हाताराही त्या सभेत होता आणि जखमी झाला. त्याच वर्षी तो वारला. किताब मुलाकडे गेला, १९५१ मध्ये मुलगाही मुलगा न ठेवता गेला, आणि १८८० मध्ये सुरू झालेली लॅमिंग्टनची बॅरनी तिथेच संपली.

संपली म्हणजे नक्की काय झालं? घरात दुसरं कोणीच नव्हतं का? भाऊ, पुतणे, मुली? इतिहास वाचताना, जुन्या मुंबईवर काही लिहिताना हे प्रश्न हमखास पडतात, आणि बहुतेक जण तिथेच अडखळतात. मीही अडखळलो होतो. कारण आपण वारसा म्हटलं की सातबारा डोळ्यांसमोर आणतो: माणूस गेला, वारसनोंद झाली, सगळ्या मुलांची नावं चढली. ब्रिटिश किताबाचं तसं नाही. तिथे एका वेळी एकच नाव चढतं, आणि ते कोणाचं हे रक्तावर किंवा मायेवर ठरत नाही, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या एका सनदेतल्या एका वाक्यावर ठरतं. ते वाक्य वाचता आलं की बाकीचं सोपं.

आधी ‘लॉर्ड’ या शब्दावरचा विश्वास काढा

वंशपरंपरागत उमरावपदाच्या पाच पायऱ्या आहेत. वरून खाली ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. ड्यूक सोडला तर उरलेल्या चौघांनाही बोलण्यात ‘लॉर्ड’च म्हणतात. म्हणून ‘लॉर्ड कर्झन’ एवढ्यावरून तो बॅरन होता की मार्क्वेस, काहीच कळत नाही. त्यांच्या खाली बॅरोनेट: हाही किताब वंशात चालतो, पण त्याच्यामागे फक्त ‘सर’ लागतं आणि तो उमरावांत मोडत नाही. साधा नाइटही ‘सर’च, पण त्याचं ‘सर’ त्याच्याबरोबर जातं. १९५८ नंतर आणखी एक प्रकार आला, हयातीपुरता लॉर्ड. त्याच्या मुलांना वारशात काही मिळत नाही.

आणि मग ‘लॉर्ड’ शब्दाच्या लगेच मागे पाळण्यातलं नाव असेल तर सावध व्हा. सतीबंदीचा लॉर्ड विल्यम बेंटिंक घ्या. तो स्वतः उमराव नव्हता. पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकचा धाकटा मुलगा म्हणून त्याला रीतीप्रमाणे लॉर्ड म्हणायचे, बस्स. त्याचा किताब कुठे गेला हे शोधत बसाल तर काहीच हाती लागणार नाही, कारण किताब नव्हताच.

आपल्याकडची खास चूक एल्फिन्स्टनची. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा धाकटा मुलगा. तो कधीच लॉर्ड झाला नाही. कॉलेज त्याच्या नावाचं. १८५३ ते १८६० मध्ये गव्हर्नर असलेला लॉर्ड एल्फिन्स्टन हा त्याचा पुतण्या, घराण्यातला तेरावा. आताचं प्रभादेवी स्टेशन त्याच्या नावाचं होतं. मराठीतल्या चांगल्या चांगल्या लेखांत काका-पुतण्यांची सरमिसळ झालेली मी पाहिली आहे.

मग त्या माणसाचे सगळे किताब सुटे करा

ही पायरी लोक गाळतात आणि मग सगळं चुकतं. एका माणसाकडे चार-पाच किताब असू शकतात. घराणं बढती मिळवत वर चढतं, तसा नवा किताब मिळतो, पण जुना रद्द होत नाही. प्रत्येकाची सनद वेगळी, वर्ष वेगळं, पहिला धनी कदाचित वेगळा. म्हणून कागद घ्या आणि दर किताबाला एक ओळ द्या: नाव, सुरू झाल्याचं वर्ष, ज्याला पहिल्यांदा मिळाला तो माणूस. शेवटची नोंद सगळ्यांत महत्त्वाची.

का, ते वेलस्ली बंधूंवरून बघा. थोरला रिचर्ड, वसईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल. त्याच्याकडे दोन मुख्य किताब होते. मॉर्निंग्टनची अर्लकी बापाकडून आलेली, कारण पहिला अर्ल त्याचा बाप. मार्क्वेस वेलस्ली हा किताब १७९९ मध्ये त्याला स्वतःला मिळालेला. १८४२ मध्ये तो वारला तेव्हा वारस म्हणावा असा मुलगा नव्हता, भाऊ मात्र होते. अर्लकी भावाकडे गेली. मार्क्वेसचा किताब बुडाला.

भाऊ तोच, मग एक किताब मिळाला आणि दुसरा का नाही? कारण नियम असा आहे की वारस हा पहिल्या धन्याच्या वंशातला पाहिजे. भाऊ पहिल्या अर्लचा मुलगा होता, म्हणून अर्लकीत बसला. पहिल्या मार्क्वेसचा तो भाऊ होता, वंशज नव्हता, म्हणून बाहेर. नवशिक्याला या विषयात एकच गोष्ट पाठ करायची असेल तर हीच करावी. पुढे १८६३ मध्ये ती अर्लकी फिरत फिरत धाकट्या आर्थरच्या मुलाकडे आली. आर्थर म्हणजे आपल्या जालन्याच्या असईला १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी लढलेला, नंतरचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ड्यूकपद अजून चालू आहे.

रिचर्डला मुलंच नव्हती असं नाही. होती, पाच. पण ती सगळी त्याच्या बायकोशी लग्न होण्याआधी जन्मलेली. लग्नानंतरही इंग्लंडच्या कायद्याने ती औरस ठरली नाहीत. १९२६ च्या कायद्याने अशा मुलांना औरस मानायला सुरुवात झाली, तेव्हासुद्धा किताबांचा वारसा मुद्दाम वगळला गेला.

सनदेतलं वाक्य

बहुतेक सनदांत एकच साचा असतो: हा किताब अमुक माणसाला, आणि त्याच्या देहापासून कायदेशीर रीतीने जन्मलेल्या पुरुष वारसांना. यातला प्रत्येक शब्द कोणाला तरी बाहेर काढतो. ‘पुरुष’ मुलींना काढतो, आणि मुलीच्या मुलांनाही. ‘कायदेशीर’ लग्नाबाहेरच्यांना काढतो. ‘देहापासून’ भावाला, पुतण्याला आणि दत्तकाला काढतो.

दत्तक म्हटलं की मराठी वाचकाच्या कपाळाला आठी पडणारच. डलहौसीने १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून सातारा घेतला, मग झाशी, नागपूर. त्याचं स्वतःचं काय झालं? १८४९ मध्ये पंजाब घेतल्याबद्दल त्याला मार्क्वेस केलं गेलं. त्याला दोन मुली, मुलगा नाही. १८६० मध्ये तो वारला आणि मार्क्वेसचा किताब वारसाअभावी बुडाला! सातारकरांना त्या बातमीने काय वाटलं असेल, कोण जाणे. वडिलोपार्जित अर्लकी तेवढी चुलत घराण्यात गेली. त्याच्या जागी आलेल्या कॅनिंगची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या सनदा यानेच दिल्या. त्याच वर्षी तो वारला, मूलबाळ नाही, आणि त्याची अर्लकी संपली. दत्तक घेतला असता तरी उपयोग नव्हता. आजही नाही: २००४ पासून उमरावांच्या दत्तक मुलांना नावाआधी मानाचं संबोधन लावता येतं, किताब मात्र त्यांच्याकडे जात नाही.

कधी कधी सनदेत वेगळी वाट मुद्दाम लिहून घेतलेली असते. त्याला स्पेशल रिमेंडर म्हणतात. माउंटबॅटनला मुली दोनच, म्हणून १९४७ च्या त्याच्या अर्लकीत मुलींची सोय केलेली होती. १९७९ मध्ये थोरली पॅट्रिशिया अर्लकीची धनीण झाली. तिचा नवरा लॉर्ड ब्रेबर्न, म्हणजे ज्याच्या नावाचं चर्चगेटचं स्टेडियम आहे त्या गव्हर्नरचा मुलगा. २०१७ मध्ये ती गेल्यावर दोन्ही किताब त्यांच्या मुलाकडे एकत्र आले.

पण सगळ्यांत चांगला धडा कर्झनचा, म्हणून त्याच्यावर जरा वेळ घालवू. वंगभंगवाल्या कर्झनला तीन मुली, मुलगा नाही. तो २० मार्च १९२५ ला वारला तेव्हा त्याच्याकडचे किताब असे वाटले गेले.

व्हाइसरॉय होताना १८९८ मध्ये मिळालेली आयर्लंडची बॅरनी: साधा साचा, बुडाली. हा किताब आयर्लंडचा घेण्यात त्याची हुशारी होती. आयरिश उमरावाला पुढे हाउस ऑफ कॉमन्सची निवडणूक लढवता येत असे. १९११ ची अर्लकी आणि १९२१ चं मार्क्वेसपद: साधा साचा, दोन्ही बुडाली. स्कार्सडेलची बॅरनी १७६१ ची, पूर्वजाला मिळालेली: ती पुतण्याकडे. १९११ मध्येच मिळालेलं स्कार्सडेलचं व्हायकाउंटपद: यात स्वतःच्या मुलांनंतर बापाच्या पुरुष वंशाची सोय लिहिलेली, म्हणून तेही पुतण्याकडे. आणि त्याच वर्षीची रॅव्हन्सडेलची बॅरनी: यात मुलींची सोय, म्हणून ती थोरल्या आयरीनकडे.

एक माणूस, एक मृत्यू, आणि तीन वेगळे निकाल. ‘कर्झनचा किताब संपला’ हे वाक्य बरोबरही आहे आणि चूकही. आयरीनचं पुढचं ऐकण्यासारखं आहे. किताब मिळाला तरी बाई म्हणून तिला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसता येईना. १९५८ मध्ये हयातीपुरते लॉर्ड सुरू झाल्यावर तिला तो दुसरा किताब दिला, आणि त्या दाराने ती आत गेली.

वंशवृक्ष: वर जा, मग खाली या

आता पहिल्या धन्यापासून झाड काढा, शेवटच्या धन्यापासून नाही. थोरल्या मुलाची शाखा संपेपर्यंत धाकट्याचा नंबर लागत नाही. थोरला बापाच्या आधी वारला असेल आणि त्याला मुलगा असेल, तर तो नातू काकांच्या पुढे असतो. शेवटचा धनी निपुत्रिक गेला की एक पिढी वर चढायचं, त्याच्या भावांच्या शाखा बघायच्या. नसतील तर आणखी एक पिढी वर. पहिल्या धन्यापर्यंत पोचूनही जिवंत पुरुष शाखा सापडली नाही, तरच किताब निर्वंश.

किती दूर जावं लागतं? पोर्टलंडचा नववा ड्यूक १९९० मध्ये वारला. एकुलता मुलगा आधीच गेलेला. ड्यूकपद १७१६ चं, त्या पहिल्या ड्यूकच्या वंशात पुरुष उरला नव्हता, म्हणून ते संपलं. पण घराण्याची अर्लकी १६८९ ची, ड्यूकच्या बापाला मिळालेली, आणि त्या बापाला दुसऱ्या लग्नापासूनही मुलगे होते. त्यांपैकी एकाची शाखा तीनशे वर्षं बाजूला वाढत राहिली होती. अर्लकी तिकडे गेली. आजचा बारावा अर्ल बीबीसी रेडिओवरच्या मालिकेत काम करणारा नट आहे. इस्टेट अर्थातच त्याच्याकडे आली नाही. किताबामागे जमीनजुमला जातोच असं नसतं, हेही लक्षात ठेवा.

दोन शब्द इथे भेटतील. एअर अपॅरंट म्हणजे ज्याचा हक्क नव्या जन्माने हटू शकत नाही, बहुधा थोरला मुलगा. एअर प्रिझम्प्टिव्ह म्हणजे आत्ता पहिला नंबर असलेला, पण उद्या मुलगा झाला तर मागे पडणारा, जसा भाऊ किंवा पुतण्या. धनी वारला आणि बायको गरोदर असेल तर सगळे थांबतात. नारायणरावाच्या खुनानंतर गंगाबाईच्या बाळंतपणाकडे बारभाईंनी डोळे लावले होते, तसंच.

संपला, झोपला की लोंबकळला?

‘किताब आता कोणाकडे नाही’ याचे अर्थ बरेच आहेत. वारसच नाही, तर तो संपला. वारस असू शकतो पण कोणी हक्क सिद्ध केलेला नाही, तर तो सुप्त. राजद्रोहाबद्दल काढून घेतला, तर जप्त. पहिल्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियाच्या बाजूने गेलेल्यांचे किताब १९१९ मध्ये असेच गेले. आणि धनी स्वतःच राजा झाला तर किताब राजपदात विरतो. २०२२ मध्ये एडिंबराच्या ड्यूकपदाचं तेच झालं.

‘संपला’ असं लिहिलेलं दिसलं तरी आंधळेपणाने मानू नका. डेव्हनची अर्लकी राणी मेरीने १५५३ मध्ये एडवर्ड कोर्टनीला दिली. तो तीनच वर्षांत पादुआला अविवाहित वारला आणि किताब संपला असं सगळ्यांनी धरलं. पण त्या सनदेत ‘पुरुष वारसांना’ एवढंच होतं. ‘त्याच्या देहापासून’ हे शब्द नव्हते! १८३१ मध्ये दूरच्या शाखेतल्या व्हायकाउंट कोर्टनीने हे दाखवून दिलं, लॉर्ड्सनी मान्य केलं, आणि तो एकदम नववा अर्ल झाला. मधल्या अडीचशेहून जास्त वर्षांतले पूर्वज आपण अर्ल आहोत हे न कळताच मेले होते.

लोंबकळण्याचा प्रकार इंग्लंडच्या जुन्या बॅरन्यांचा. मध्ययुगात सनद न देता नुसतं पार्लमेंटचं बोलावणं धाडून बॅरन केले जात. या बॅरन्या मुलींकडेही जातात. पण मुलगा नसेल आणि मुली दोन-तीन असतील तर थोरली-धाकटी असा भेद नसतो, सगळ्या सारख्याच वाटेकरी. किताबाचे तुकडे करता येत नाहीत, मग तो कोणाकडेच जात नाही. वाटेकऱ्यांच्या शाखा मिटत एकच उरेपर्यंत, किंवा राजाने त्यांतल्या एकाला निवडेपर्यंत तो तसाच राहतो. ग्रे ऑफ कॉडनर ही बॅरनी १४९६ पासून १९८९ पर्यंत अशी अडकून होती. आपल्या दिवाणी दाव्यांना उगाच नावं ठेवायला नकोत.

हक्क आणि नोंद

धनी वारल्या क्षणी किताब वारसाकडे जातो, अर्ज करावा लागत नाही. पण सरकारी कागदावर तो लागायचा तर नोंद लागते: उमरावांसाठी २००४ पासून रोल ऑफ द पीअरेज ही अधिकृत यादी, बॅरोनेटांसाठी त्याच्या कितीतरी आधी, १९१० पासूनचा रोल. जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये तपासले जातात. म्हणून रोलवर नाव नसणं म्हणजे किताब संपणं नव्हे. कोणाला खर्च नको असतो, कोणाला फिकीर नसते. भांडण झालं तर ते आजवर लॉर्ड्सच्या समितीकडे किंवा प्रिव्ही कौन्सिलकडे जात आलं आहे. स्कॉटलंडच्या प्रिंगल घराण्याच्या बॅरोनेटपदाचा निकाल प्रिव्ही कौन्सिलने २०१६ मध्ये डीएनएच्या आधारे दिला, त्यानंतर जुन्या घराण्यांत बऱ्याच जणांची झोप उडाली असावी.

किताब विकता येत नाही, मृत्युपत्रात लिहून देता येत नाही. इंटरनेटवर स्कॉटलंडमधली फूटभर जमीन घेऊन ‘लॉर्ड’ व्हायच्या जाहिराती दिसतात, त्याचा याच्याशी संबंध नाही. नको असेल तर १९६३ च्या कायद्याने सोडता येतो, पण आपल्या हयातीपुरताच. टोनी बेनने स्टॅन्सगेटचं व्हायकाउंटपद सोडलं, २०१४ मध्ये तो वारला आणि मुलाने ते घेतलं.

आपल्याकडचे किताब

जे. जे. हॉस्पिटलच्या जमशेटजी जीजीभॉयना १८५७ मध्ये बॅरोनेटपद मिळालं. गंमत अशी की १८६० मध्ये खास कायदा झाला: जो कोणी हा किताब घेईल त्याने नावही जमशेटजी जीजीभॉय हेच लावायचं. त्यामुळे ‘सर जमशेटजी’ने अमुक केलं असं कुठे वाचलंत तर आधी वर्ष बघा. माणूस कितवा आहे हे त्याशिवाय कळणारच नाही.

वंशपरंपरागत उमरावपद मिळालेले भारतीय एकच, सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, १९१९ मध्ये बॅरन सिन्हा ऑफ रायपूर. रायपूर म्हणजे छत्तीसगडचं नव्हे, बंगालच्या बीरभूममधलं. १९२८ मध्ये ते गेल्यावर मुलाच्या हक्काला नुसती कागदी नाही, मोठी तात्त्विक अडचण आली. त्या काळच्या हिंदू कायद्यात पुरुषाला दुसरी बायको करता येत होती; मग असं लग्न ‘कायदेशीर’ या इंग्लिश शब्दात बसतं का? १९३९ मध्ये निकाल मुलाच्या बाजूने लागला, कारण आईवडील त्याच्या जन्माआधीच साधारण ब्राह्मो समाजात गेले होते, आणि तिथे एकपत्नीव्रत होतं. सनदेतला एक शब्द कुठे जाऊन अडतो ते बघा.

स्वतः करून बघा

सँडहर्स्ट रोड घ्या. प्लेगच्या वर्षांतला, रँडच्या खुनाच्या वेळचा गव्हर्नर. सँडहर्स्टची बॅरनी १८७१ मध्ये त्याच्या बापाला मिळालेली, व्हायकाउंटपद १९१७ मध्ये त्याला स्वतःला. १९२१ मध्ये तो वारला, मुलगा नाही, भाऊ आहे. कागदावर दोन ओळी काढा, पहिल्या धन्याची नावं लिहा, आणि पुढे वाचण्याआधी उत्तर सांगा.

व्हायकाउंटपद बुडालं, बॅरनी भावाकडे गेली आणि अजून चालू आहे. बरोबर आलं असेल तर, ज्याच्या नावाचं सांगलीला कॉलेज आहे तो विलिंग्डन सांगलीकरांनी सोडवावा: मुंबईचा गव्हर्नर, पुढे व्हाइसरॉय, मग मार्क्वेस. थोरला मुलगा १९१४ च्या लढाईत पडला, धाकटा १९७९ मध्ये निपुत्रिक वारला, आणि सगळे किताब त्याला स्वतःलाच मिळालेले.